चार हजार खोडं भागिले सात

दोनशे माणसं विहिरीभोवती उभी होती आणि सगळी आपापल्या मोबाईलवर भागाकार करत होती. शाळेत भागाकार म्हटलं की ज्यांच्या पोटात दुखायचं, तेसुद्धा. मधोमध सतरंजीवर अंकनाथ महाराज बसले होते. समोर शेंदूर फासलेले सात दगड, म्हणजे साती आसरा. या पाण्यातल्या सात बहिणी आमच्याकडे जवळपास प्रत्येक जुन्या विहिरीवर असतात आणि त्यांनी आजवर कुणाकडे गणित मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"बोल, खोडं किती?" महाराजांनी पहिल्याला विचारलं.

फैजपूर-यावलच्या या पट्ट्यात जमीन किती असं विचारत नाहीत, खोडं किती असं विचारतात. केळीची खोडं. माणूस बायकोच्या वाढदिवसाची तारीख विसरेल, पण खोडांचा आकडा विसरणार नाही. तोच त्याच्या घराचा आकडा. महाराजांनी हे बरोबर हेरलं होतं.

"पाच हजार, महाराज."

"सातानं भाग. माझ्या नाही, तुझ्याच मोबाईलवर भाग. पॉइंटच्या पुढचे पहिले सहा वाच."

"दोन, आठ, पाच, सात, एक, चार."

"पुढचा!"

"तीन हजार. पाच, सात, एक, चार, दोन, आठ."

"पुढचा!"

"अडीच हजार. एक, चार, दोन, आठ, पाच, सात."

गर्दीतून हुंकार उठला. आकडे तेच सहा, क्रमही तोच. फक्त सुरुवात कुठून, एवढाच फरक. झिम्मा खेळणाऱ्या पोरींनी जागा बदलावी तसे ते फिरत होते.

"एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न!" महाराजांनी हात वर केला. "आसरांचा अंक! याला दोनानं गुणा, तिनानं गुणा, सहापर्यंत कशानंही गुणा, ह्या सहा जणी फेर धरतात, पण घर सोडत नाहीत. आणि सातानं गुणलं की?"

दोनशे अंगठे मोबाईलवर चालले. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव.

"सगळे नऊ! सातवी आली की बाकीच्या सगळ्या तिच्यात विरघळतात. सहा बहिणी दिसतात, सातवी पडद्यात असते. ती रुसली की घरात फेरा लागतो. दुखणं, भांडण, पोराचं लग्न न जमणं. सगळा फेराच!"

मजुरी करणाऱ्या बेबाबाईकडे खोड नव्हतं. तिचं वय भागलं, पन्नास. तिलाही फेरा निघाला; सहा प्रदक्षिणा, वर दक्षिणा. झुलाल पाटलाची सात हजार खोडं, त्याचा भाग पूर्ण गेला. तो खुश होऊन निघाला तर महाराज म्हणाले, "थांब! सातवी तुझ्याच घरात बसली आहे. तिला चोळी-बांगडी करावी लागेल." म्हणजे फेरा असला तरी दक्षिणा आणि नसला तरी दक्षिणा. हे ऐकून मी हसलो. पण हसता हसता माझ्या अंगठ्याने माझं वय, त्रेपन्न, भागून पाहिलं होतं, आणि सात पॉइंटच्या पुढे तेच सहा आकडे पाहून माझ्याही अंगावर काटा आला होता. खोटं कशाला बोलू?

मी प्रेमराज. फैजपुरात माझं औषधांचं दुकान आहे. त्या गुरुवारी गंमत बघायला गेलो होतो. शहाणी माणसं अशा ठिकाणी गंमत बघायलाच जातात, आणि त्यांच्यामुळेच गर्दी भरलेली दिसते.

शेवटी पंडितभाऊ पुढे झाला. माझं जुनं गिऱ्हाईक. त्याची मुलगी ज्योती नववीत. आठव्या वर्षापासून तिला साखरेचा आजार, तोही असा, की शरीर इन्सुलिन बनवतच नाही. गोळ्या चालत नाहीत. रोज सुई, दिवसातून चार वेळा. दर महिन्याला पंडितभाऊ निळा बर्फाचा डबा घेऊन माझ्याकडे यायचा आणि इन्सुलिन न्यायचा. सहा वर्षांत एक महिना चुकला नव्हता.

"चार हजार खोडं," तो म्हणाला. "पाचशे एकाहत्तर, पॉइंट, चार, दोन, आठ..."

"बस." महाराजांनी डोळे मिटले. "चार फेऱ्या घाल विहिरीला."

पंडितभाऊने अनवाणी चार प्रदक्षिणा घातल्या. त्याची आई, मंजुळाअक्का, हात जोडून उभी होती.

"आता त्या चार फेऱ्या खोडांत मिळव आणि सातानं भाग."

पंडितभाऊने आकडे दाबले. मग मोबाईल आईला दाखवला. मग आम्हाला. पाचशे बहात्तर. पॉइंट नाही, फेरा नाही, काही नाही.

"सुटला!" महाराज गरजले, आणि गर्दीने जयजयकार केला.

"महाराज, पोरीची सुई..." मंजुळाअक्काने विचारलं.

"माई, फेरा सुटला तर सुई कुणासाठी? सुई म्हणजे लोखंड. आसरांना लोखंड चालत नाही. पाण्याला अर्पण कर."

हे शेवटचं बोलणं मी ऐकलं नाही. चहा प्यायला बाजूला गेलो होतो. नंतर कितीतरी वेळा मी स्वतःला हे सांगितलं आहे, पण त्याने समाधान होत नाही. कारण पुढचं मी ऐकलं होतं.

शुक्रवारी सकाळी पंडितभाऊ दुकानात आला. काउंटरवर गर्दी होती. त्याच्या हातात निळा डबा नव्हता.

"शेठ, तुमी शिकेल मानूस," तो म्हणाला. "खरं सांगा. तो आकडा खरा हाये का? का मोबाईलमंदी काही करामत केली त्यानं?"

मी दुकानातला मोठा कॅल्क्युलेटर ओढला. चार हजार भागिले सात. मग चार हजार चार भागिले सात. त्याच्यासमोर दोनदा करून दाखवलं.

"आकडा तर बरोबर आहे," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. एवढंच त्याला हवं होतं. "या महिन्याचं औषध?" मी विचारलं. "येतो मंग," म्हणाला आणि गेला. औषध न्यायची तारीख उलटली आहे हे मला दिसत होतं. पण तिकडून एक बाई खोकल्याचं औषध मागत होती, आणि मी तिच्याकडे वळलो.

रविवारी दुपारी शटर अर्धं ओढत होतो तेव्हा रिक्षा थांबली. मागच्या सीटवर मंजुळाअक्काच्या मांडीवर ज्योती. ओठ कोरडे, छाती भात्यासारखी चालत होती. रात्रीपासून उलट्या, असं पंडितभाऊ सांगत होता. मी वाकलो आणि तिच्या श्वासाचा वास आला. जास्त पिकलेल्या फळाचा, गोडसर, नाकात बसणारा वास. तीस वर्षं औषधांत काढली आहेत. तो वास काय असतो ते मला माहीत होतं.

"सुई कधी दिली शेवटची?"

पंडितभाऊ खाली बघू लागला. मंजुळाअक्का म्हणाली, "फेरा सुटला ना शेठ. शुक्करवारी म्या बाटल्या विहिरीत सोडल्या. हिरव्या बांगड्यांसंगं."

"हा वास कधीपासून येतोय?"

"कालपासून. पन घरात केयीचे दोन घड पिकू राह्यले. मले वाटलं, त्याचाच हाये."

केळीच्या गावात पिकल्या केळ्याचा वास कुणाला वेगळा वाटणार? दुसऱ्या कुठल्याही गावात आजीने विचारलं असतं, पोरीच्या तोंडाला हा कसला वास? इथे तो वास घराचाच होता.

समोरच्या डॉक्टरांनी तिचं बोट टोचून मीटर लावलं. मीटरवर आकडाच येईना. साखर इतकी वाढली होती की यंत्राची मोजण्याची हद्द संपली होती. डॉक्टरांनी सलाईन जोडलं, इन्सुलिन चालू केलं आणि म्हणाले, "जळगावला न्या. आत्ता. अर्धा तास वाया घालवू नका."

माझ्या गाडीतून नेलं. भुसावळ ओलांडताना तिने डोळे मिटले आणि हाक मारली तरी उघडेना. पंडितभाऊ सारखं "ज्योती, ज्योती" करत होता. त्या प्रवासात मी देवाचं नाव घेतलं की नाही आठवत नाही. पण "आकडा तर बरोबर आहे" हे माझंच वाक्य मला जळगाव येईपर्यंत ऐकू येत होतं.

ती वाचली. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाई पंडितभाऊला म्हणाल्या, "अजून चार-पाच तास उशीर झाला असता, तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते." पंडितभाऊ भिंतीला टेकून खाली बसला.

जळगावातच मेहरूण तलावाजवळ माझ्या बहिणीचं घर आहे. तिथून मी दवाखान्यात जेवणाचा डबा नेत असे. चौथ्या दिवशी गेलो तर ज्योती उशीला टेकून बसली होती, आणि एका जुन्या रिपोर्टच्या मागच्या बाजूवर भागाकार मांडला होता. हाताला सलाईनची पट्टी तशीच.

"काका, हे बघा. मी मोबाईलवर नाही केलं. हाताने केलं."

"आराम कर ग."

"नाही, बघाच. सातानं भागलं की उरणार किती? एक, दोन, तीन, चार, पाच नाहीतर सहा. सात उरले तर अजून एकदा भाग जातो. म्हणजे उरणारे सहाच प्रकार."

"बरं."

"आता समजा एक उरला. पॉइंट दिला, एकावर शून्य. दहा. सात एके सात, उरले तीन. तिनावर शून्य, तीस. सात चोक अठ्ठावीस, उरले दोन. वीस. सात दुणे चौदा, उरले सहा. साठ. सात आठ्ठे छप्पन्न, उरले चार. चाळीस. सात पाचे पस्तीस, उरले पाच. पन्नास. सात साते एकोणपन्नास, उरला एक." तिने पेन खाली ठेवलं. "आणि एक तर आपण सुरुवातीलाच घेतला होता. म्हणून पुन्हा पहिल्यापासून. उत्तरात काय आलं? एक, चार, दोन, आठ, पाच, सात."

मी कागद हातात घेतला. सगळं तिथेच होतं. सहाच्या सहा बाक्या एकामागून एक येतात आणि वर्तुळ पूर्ण होतं. कोणताही आकडा घ्या, खोडांचा, वयाचा, म्हशीच्या शेपटीच्या केसांचा. सातानं पूर्ण भाग गेला नाही, तर बाकी या सहांपैकी एक, आणि तिथून तोच फेर. तो अंक थोर आहेच, पण त्याला विहिरीचा पत्ता माहीत नाही.

"आणि चार फेऱ्या?" मी विचारलं.

"बाबांचे तीन उरले होते. तिनात चार मिळवले की सात. महाराजांना पॉइंटनंतरचा पहिला आकडा कळला की बाकी कळते. चार आला म्हणजे बाकी तीन. ते पाठ करायला काय लागतं? बेबाबाईला सहा आणि बाबांना चारच फेऱ्या का सांगितल्या, तेव्हाच कळायला हवं होतं." तिने पेन पुन्हा उचललं. "काका, मला गणितात नव्वद आहेत. पण शाळेत आम्ही पॉइंटनंतर दोन घरांपर्यंतच भागतो आणि सोडून देतो. म्हणून हे कधी दिसलंच नाही. बाबांनी विचारलं तेव्हा मीसुद्धा म्हणाले, हो, पूर्ण भाग जातो."

पोरीने मान फिरवली. दोष तिचा नव्हता, पण ती तो उचलायला तयार होती. आणि मी, वयाने चौपट, गेले चार दिवस तो पोटात लपवून डबे वाहत होतो. तिथेच मी पंडितभाऊला सांगितलं, "तू मला आकडा विचारलास आणि मी आकडाच सांगितला. त्या आकड्याचा सुईशी संबंध काय, हे मी विचारायला हवं होतं. चुकलो मी." त्याने माझ्या हातातला डबा घेतला आणि पोरीला वाढू लागला.

पुढच्या गुरुवारी विहिरीवर गर्दी दुप्पट. ज्योती दवाखान्यात असल्याची बातमी गावात पोचली होती, पण महाराजांकडे उत्तर तयार होतं. मंजुळाअक्काने बांगड्या मोजून घेतल्या नाहीत, म्हणे.

मी पुढे जाऊन विचारलं, "महाराज, तुमच्या गाडीचा नंबर भागू का? चार हजार सहाशे एकवीस."

लोकांनी लगेच भागला. सहाशे साठ, पॉइंट, एक, चार, दोन, आठ, पाच, सात. आसरांचा अंक जसाच्या तसा.

"म्हणजे तुम्हालाच फेरा?"

"गाडीवर सातवीचा आशीर्वाद आहे!" महाराज क्षणभरही अडखळले नाहीत, आणि निम्म्या गर्दीने मान डोलावली. माझी हुशारी तिथेच आपटली. कोपरखळीने गर्दी हसते, पण मत बदलत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

मग पंडितभाऊ आला. त्याने खांद्यावरचा केळीचा घड जमिनीवर ठेवला आणि विळ्याने केळी सुटी केली.

"मले गनित येत नाय," तो गर्दीला म्हणाला. "पन रांग लावता येते. कोनीबी या. हव्या तेवढ्या केयी घ्या आन् सात-साताच्या रांगा लावा."

झुलाल पाटील पुढे आला. त्याने ओंजळीने केळी उचलली, रांगा लावल्या. चार रांगा झाल्या, पाच केळी उरली.

"किती कमी पडल्या?"

"दोन."

"दोन आनून ठेव." रांग पूर्ण झाली. "सुटला का फेरा? म्या एकबी प्रदक्षिना नाय घातली. दुसऱ्यानं या."

बेबाबाईने लावल्या. एक उरलं, सहा आणली. मग एकामागून एक माणसं वाकू लागली. सहाच्या वर कुणाकडेच उरेना, आणि कमी पडलेली आणून ठेवली की प्रत्येकाची रांग पूर्ण होई. मोबाईलवर जे गूढ वाटत होतं, ते मातीवर केळ्यांत मांडल्यावर पोरखेळ निघालं. मग मी ज्योतीचा कागद वाचला, एक-एक पायरी, मोठ्याने. आता लोक ऐकत होते, कारण आधी हातांना कळलं होतं.

"अश्रद्ध लोक!" महाराज उठले. "सातवीचा कोप..."

मंजुळाअक्का त्यांच्या वाटेत उभी राहिली. तिच्या हातात निळा बर्फाचा डबा होता, रिकामा. तो तिने सतरंजीवर ठेवला.

"माह्या नातीचा जीव ह्याच्यात व्हता," ती म्हणाली. "तुह्या सांगन्यावरून म्या माह्या हातानं पान्यात सोडला. तुले रांग लावता येते, मले आता कयलं. पन सुई बंद कर, हे तुले कोन्या आकड्यानं सांगलं, ते दाखव. भाग. इथंच भाग."

महाराज तिला वळसा घालून गाडीकडे निघाले. आणि हा प्रश्न विचारला होता अंगठा उठवणाऱ्या बाईने. दुपारी तिनेच पोलीस चौकीत जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. हवालदार म्हणाला, "आजी, बाटल्या तर तुम्हीच फेकल्या." ती म्हणाली, "ते बी लिही."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. अंकनाथ जामिनावर सुटला. परवा एक औषध कंपनीवाला सांगत होता, शिरपूरकडे एक महाराज आलेत, वजनकाट्यावर उभं करतात आणि अकरानं भागायला लावतात. आमच्या विहिरीवर अजूनही कुणी कुणी मोबाईल काढून उभं असतं. मला भीती वाटते. ती त्या महाराजाची नाही. माझ्यासारख्या कॅल्क्युलेटरवाल्या माणसांची वाटते, जी विचारलं तेवढंच सांगतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

म्हणून एवढंच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर तो खरा की खोटा हे जरूर तपासा. पण तो अगदी खरा निघाला, तरी थांबू नका. यावरून हे कसं सिद्ध होतं, असं विचारा. उत्तर नसेल तर औषध हातचं सोडू नका.

गेल्या आठवड्यात ज्योती आजीबरोबर दुकानात आली. जेवणाची वेळ झाली होती. तिने काउंटरपाशीच बोट टोचलं, मीटर माझ्याकडे फिरवलं. एकशे सत्तेचाळीस. सवयीने मी मनात भागलं, आणि तिच्या डोळ्यांत दिसलं की तिनेही भागलंय.

"सात एकवीस, एकशे सत्तेचाळीस," ती म्हणाली. "पूर्ण भाग जातो, काका."

मंजुळाअक्काने क्षणभर नातीकडे पाहिलं. मग निळा डबा उघडला आणि सुई काढून तिच्या हातात दिली.